प्राणहितेच्या सोबतीनं

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हाला गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीहून सिरोंच्याला न्यायचंय. अंतर सुमारे १०० किलोमीटर. पण घाईनं जायचा हा रस्ता नव्हे. शक्यतो मार्चअखेर, सकाळी लवकर निघा.

आलापल्ली सोडलं की दोन्ही बाजूंनी सागवान सुरू होतं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं ते याच भागातलं लाकूड. वाटेत रेपनपल्लीहून कमलापूरला फाटा फुटतो. तिथं वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. हे हत्ती पूर्वी जंगलातून लाकूड ओढायचे.

उजव्या हाताला प्राणहिता. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होतात, तिथून तिला हे नाव मिळतं. रस्त्यावरून ती फारशी दिसत नाही. म्हणून सांगतो, देवलमरीकडे वळा आणि काठावर उतरा. पात्रात काळे खडक पसरलेले दिसतील. याच खडकांनी इंग्रजांना अडवलं. १८६० च्या दशकात विदर्भाचा कापूस बोटीतून गोदावरीमार्गे थेट समुद्राला न्यायचा त्यांचा बेत होता. बोटींना खडक चुकवता यावेत म्हणून बंधारे बांधायला आणि कालवे खोदायला घेतले. या जलमार्गातल्या खडकांच्या अडथळ्यांपैकी तिसरा देवलमरीचा. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, खर्च वाढतच गेला आणि १८७१ मध्ये काम थांबलं. ही नदी व्यापाराचा हमरस्ता झाली असती, तर काठचं हे जंगल टिकलं असतं का, हा प्रश्न मला तिथं दरवेळी पडतो.

पुढे मोहाची झाडं लागतात. भल्या पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात. फूल हातात घेऊन बघा. फिकट पिवळं, गुबगुबीत, दाबलं की बोटं चिकट होतात. ते उन्हात वाळतं, काळपट मनुकेसारखं होतं, आणि घरात वर्षभर पुरतं. झाडाखाली गाडी लावू नका. तिथली जागा त्यांनी झाडून ठेवलेली असते.

सिरोंच्याच्या अलीकडे वडधमला जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेल्या खोडावर हात फिरवा. साल, गाठी, सगळं बोटांना कळतं. डायनासोरच्या काळातलं झाड आहे ते!

सिरोंच्यात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. चहाच्या टपरीवर एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. संध्याकाळी संगमावर जा. पलीकडे तेलंगणातलं कालेश्वर. नकाशावर प्राणहिता इथं संपते आणि पुढे नाव गोदावरीचं चालतं. पण गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग या एकटीचा आहे. काठावरची माणसं अंघोळ करून ओंजळभर पाणी वर धरतात, ते प्राणहितेचं नाव घेऊनच.