नुसता पाहिला तर गुन्हा?

मंडळी, हा प्रश्न घेऊन माझ्या ऑफिसात कधी कोणी येत नाही. तो येतो लग्नाच्या पंगतीत, शेजारच्या पानावरून, आवाज खाली आणून: "वकीलसाहेब, टेलिग्रामवर आलेला पिक्चर घरी बसून बघितला तर पोलीस पकडतात का हो?"

२०१६ साली ही भीती खुद्द स्क्रीनवरच झळकत होती. ब्लॉक केलेली साइट उघडली की सूचना यायची: अशी प्रत पाहणं, डाउनलोड करणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. खाली कॉपीराइट कायद्याची कलमं, ६३ पासून पुढे. गंमत अशी, की कलम ६३ मधला दंडच मुळी २ लाखांवर जात नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या मजकुरावर बोट ठेवलं. नुसतं पाहणं हा गुन्हा नव्हे; विनापरवाना वाटणं, लोकांना दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा, असं त्यांनी स्पष्ट केलं आणि सूचना बदलायला लावली.

मग सुटलो का? थांबा. पाहताना फोनमध्ये जी तात्पुरती साठवण होते, तिला २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत दिली. ती चोरीच्या प्रतीच्या प्रेक्षकाला लागू पडते का, यावर वाद होऊ शकतो. मीही घालीन, फी मिळाली तर दोन्ही बाजूंनी.

खरी फसगत होते टॉरेंटवर, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइल तुकड्यातुकड्याने उतरवण्याच्या पद्धतीत. आपल्याला वाटतं, आपण फक्त उतरवून घेतोय. पण उतरलेला तुकडा तुमचा कॉम्प्युटर त्याच क्षणी दुसऱ्याला पाठवत असतो. म्हणजे तुम्ही प्रेक्षक राहिलात कुठे, वाटपाला बसलात की! जर्मनीत शिकायला गेलेली आपली पोरं नेमकी इथेच सापडतात. इकडची सवय तिकडे नेतात आणि काही आठवड्यांनी घरी वकिलाचं पत्र येतं, शेकडो युरोंची मागणी करणारं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने तर २०१७ मध्ये, बेकायदा साइटवरून स्ट्रीमिंग करताना होणाऱ्या तात्पुरत्या प्रतीलाही सूट नाही, असं सांगितलं. तिकडे आपला ऑगस्ट २०१६ चा आदेश दाखवून उपयोग नाही.

आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीचा रोख थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्यावर आणि ती प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणाऱ्यावर आहे: किमान तीन महिने कैद, दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. गणपतीत सोसायटीच्या पटांगणात प्रोजेक्टर लावून, पैसे घेऊन तसला पिक्चर दाखवणाऱ्या मंडळाने हे वाचावं. तिथे 'घरी बसून' हा बचाव चालत नाही.

आता प्रश्न घेऊ. कोपऱ्यातले काका, तुमचा हात केव्हाचा वर आहे. विचारा, फक्त 'माझा एक मित्र' म्हणून सुरुवात करू नका.