पंप बंद, पण प्लेटा चालूच

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

तूर-हरभऱ्याची मळणी झाली की सौरपंपाच्या प्लेटांवर भुसकट आणि धूळ बसते. पाण्याची धार बारीक होते. मग भर दुपारी कुणीतरी पाइप आणि ओलं फडकं घेऊन निघतं. पंप बंद केलाय म्हणजे भीती नाही, असं त्याला वाटतं.

बंद झाला तो पंप. प्लेटांना बटण नसतं. उजेड आहे तोवर त्या वीज तयार करतातच. एका प्लेटेचे साधारण 45 व्होल्ट धरा. ओळीनं 10 जोडल्या की 450 होतात, घरातल्या लाइनच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय ही डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. घरातली वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी तुटते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटलेलीच राहते. म्हणून पंप चालू असताना प्लेटांचे कनेक्टर कधीही ओढू नका.

प्लेटा धुवायच्या त्या दिवस उगवायच्या आधी. तेव्हा करंट अगदी कमी असतो, काचही गार असते. तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. पण झुंजुमुंजू झालं की व्होल्टेज चढायला लागतं, म्हणून गाफील राहू नका. आधी कंट्रोलरवरून पंप बंद करा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे प्लेटांकडून येणारी वीज तोडणारा खटका, पाडा. कंट्रोलरचं झाकण उघडू नका.

पाणी मारण्याआधी बॅटरी घेऊन प्लेटांखाली वाका. वायर बांधलेली पट्टी तुटून कनेक्टर लोंबकळतोय का? उंदरानं वायर कुरतडून आतलं तांबं दिसतंय का? असं तांबं लोखंडी सांगाड्याला टेकलं, वर पाणी पडलं, की सांगाड्यातच वीज उतरू शकते. काच फुटलेली, वायर सोललेली दिसली तर हात न लावता, पाणी न मारता मेकॅनिकला बोलवा.

पायात रबरी बूट, हातात कोरड्या लाकडी दांड्याचा मऊ ब्रश. ॲल्युमिनियमचा लांब दांडा नको, वरून लाइन गेली असेल तर मुळीच नको. पाणी वरच्या बाजूनं सोडा, प्लेटांमागच्या वायरच्या डब्यावर मारू नका. प्लेटांवर चढू नका.

उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता आणि सांगाड्याकडून येणाऱ्या तारेचा नट घट्ट आहे का बघा.

कुणी चिकटलंच तर हातानं ओढू नका. कोरड्या जागी उभं राहून कोरड्या बांबूनं त्याला बाजूला करा, लगेच 108 ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा, गाडी येईपर्यंत.