परवानगीची कादंबरी आणि बिनपरवान्याची गोष्ट

(कुडाळला वाचकांच्या एका बैठकीत बोलले ते रेकॉर्डिंगवरून उतरवलंय. अडखळणं आणि मध्येच लाईट गेली तो भाग काढलाय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार. विषय जाहीर झाल्या झाल्या मागच्या रांगेतून आवाज आलाच, "पण ह्यां वाचता कोण?" तर काका, बरेच जण वाचतात, सांगते. एखादी टीव्ही मालिका गाजली की मालकांच्या रीतसर परवानगीने तिच्यावर पुस्तकं निघतात, त्यांना टाय-इन म्हणतात, कधी एपिसोडचीच गोष्ट लिहून काढलेली असते तर कधी गोष्ट नवीन पण पात्रं तीच. आणि फॅनफिक्शन म्हणजे तीच पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेने, कुणाला न विचारता, फुकट लिहिलेलं. आता यातलं लिखाण म्हणून चांगलं कुठलं? बहुतेकांचं मत असं की छापील ते बरं, कारण तिथे एडिटर असतो, पैसे मिळतात, आणि फॅनफिक्शन म्हणजे कॉलेजच्या पोरींचा टाइमपास. पोरींना विचारलंत तर त्या म्हणतील टाय-इन म्हणजे निव्वळ पाट्या टाकणं. मला दोन्ही पटत नाही. इतकी वर्षं दोन्ही प्रकारचं वाचून माझं मत असं झालंय की टाय-इन कादंबरी बरी निघणार की वाईट हे लेखकावर अवलंबून असतंच, पण त्याहून जास्त मालकाचं लक्ष कुठे आहे यावर असतं. मालक दुसरीकडे बघत असला की चांगलं पुस्तक येतं.

बीबीसीची 'डॉक्टर हू' घ्या. 1963 ला सुरू झाली, डॉक्टर नावाचा एक माणूस निळ्या पोलीस बॉक्समध्ये बसून काळातून फिरतो. त्या काळात बीबीसीने जुन्या एपिसोडच्या टेप चक्क पुसल्या, टेप महाग होती आणि हे परत कोण बघणार असा हिशोब. घरोघरी व्हीसीआर नव्हते, म्हणजे हुकलेला एपिसोड कायमचा हुकला. अशात 1973 पासून टार्गेट नावाने छोटी छोटी पुस्तकं यायला लागली, एकेक गोष्ट साधारण सव्वाशे पानांत, आणि त्यातली साठहून जास्त एकट्या टेरन्स डिक्सने लिहिली. साठहून जास्त! एवढी लिहायची म्हटल्यावर काहींत पाट्या टाकलेल्या असणारच, आहेतच, काही पुस्तकांत तर स्क्रिप्टमधले संवाद उचललेत आणि मध्ये मध्ये 'तो म्हणाला' 'ती म्हणाली' एवढीच काय ती भर. पण त्याच माणसाचं दुसरं टोक बघा. 1964 च्या एका गोष्टीत परग्रहावरच्या डालेकांनी लंडन जिंकलेलं असतं. पडद्यावर सुरुवातीला पुलाखाली एक पाटी दिसते की नदीत प्रेतं टाकायला मनाई आहे, मग डोक्यावर धातूचं काहीतरी चढवलेला एक माणूस धडपडत येतो, ते ओढून काढायला बघतो आणि पाण्यात पडतो. बजेट बेताचं, डोक्यावरचं ते प्रकरण आज बघितलं तर हसूच येतं. डिक्सने 1977 ला याचं पुस्तक केलं तेव्हा पहिलंच वाक्य असं टाकलं की शहराच्या भग्नावशेषातून माणसाचा भग्नावशेष चालला होता. इंग्रजीत उणेपुरे बारा शब्द. पुठ्ठ्याचा सेट गेला, डोक्यावरचं टोपडं गेलं, उरला तो माणूस. असं होतं तेव्हा मला टाय-इनला नावं ठेवणाऱ्यांचा राग येतो.

पण माझा मुख्य पुरावा पुढचा आहे. 1989 ला बीबीसीने मालिका बंद केली. मग 1991 पासून व्हर्जिन नावाच्या प्रकाशनाने नवीन कादंबऱ्या काढायला घेतल्या, आणि कुणीही हस्तलिखित पाठवा म्हणून दार उघडं ठेवलं. मालिकाच चालू नव्हती तर मालक कशाला बघतोय पानापानाकडे? आत कोण आले, तर चाहते आले. पॉल कॉर्नेलने फॅनझीनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या घरगुती मासिकात, आधी लिहिलेलं होतं तेच परत घडवून पहिली कादंबरी केली. त्याच कॉर्नेलच्या 1995 च्या कादंबरीत डॉक्टर सगळं विसरून साधा शाळामास्तर होऊन राहतो, त्याला प्रेमबीम होतं, पहिल्या महायुद्धाच्या अगदी तोंडावर. मालिका जोरात चालू असती तर हे कुणी करू दिलं असतं का, हिरोलाच काढून टाकायचं? आणि 2007 ला बीबीसीने याच कादंबरीवरून दोन एपिसोड केले, डॉक्टरचं काम करणारा नट नवीन, आणि इतरही काही बदल करून. 2005 ला मालिका परत उभी करणारा रसेल टी डेव्हिस, त्याचीही 1996 ची एक कादंबरी त्याच व्हर्जिनमधली. आणि गंमत बघा, माल खपतोय म्हटल्यावर बीबीसीने हक्क परत स्वतःकडे घेतले आणि 1997 ला व्हर्जिनचं ते दुकान बंद.

आता 'स्टार ट्रेक'. अमेरिकन, अंतराळयानावरची मालिका, 1966 ते 69, तीन सीझन. 1967 या एकाच वर्षी दोन्ही गोष्टी सुरू झाल्या, जेम्स ब्लिशचं एपिसोडच्या कथांचं पहिलं पुस्तक आणि 'स्पॉकॅनेलिया' हे चाहत्यांचं पहिलं फॅनझीन. म्हणजे फॅनफिक्शन मागून आलेलं, टाय-इनची नक्कल वगैरे, असं काही नाही, दोघी एका वयाच्या. आणि ब्लिश बराच स्क्रिप्टवरून लिहायचा, त्यामुळे त्याच्या कथा आणि पडद्यावरचे एपिसोड यांचे तपशील जुळत नाहीत, उलट चाहत्या मंडळींना एकेक संवाद पाठ. पुढे 1976 ला बँटम प्रकाशनाने चाहत्यांच्याच फॅनझीनमधल्या कथा गोळा करून अधिकृत पुस्तक छापलं. तीच कथा काल सायक्लोस्टाइलवर होती म्हणून फालतू आणि आज कव्हर चढलं म्हणून साहित्य? मला तरी हे कळत नाही.

त्या मालिकेवरचं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक जॉन एम. फोर्डचं, 'द फायनल रिफ्लेक्शन', 1984 चं. क्लिंगॉन म्हणजे त्या मालिकेतले शत्रू, कपाळाला आठ्या घातलेले व्हिलन. फोर्डने सगळी कादंबरी एका क्लिंगॉन पोराच्या बाजूने लिहिलीय, अनाथ पोरगा, बुद्धिबळासारख्या एका खेळात जिवंत सोंगटी म्हणून उभा असतो, तिथून वर चढत जातो. कॅप्टन कर्क आणि मंडळी फक्त सुरुवातीला आणि शेवटी डोकावतात. मालिकेच्या पुस्तकात मालिकेचे हिरोच नाहीत! तेव्हा टीव्हीवर मालिका नव्हती, सिनेमे तेवढे येत होते, म्हणून हे निभावलं. 1987 ला नवीन मालिका आली आणि तिने क्लिंगॉनांना वेगळीच संस्कृती दिली, फोर्डचं सगळं बाजूला पडलं.

मालकाचं लक्ष असलं की काय होतं त्याचाही नमुना आहे. मार्गारेट वँडर बोनानो या लेखिकेने 'स्टार ट्रेक'चंच एक हस्तलिखित दिलं, ते वरून इतकं बदलायला लावलं, शेवटी दुसऱ्याकडून लिहून घेतलं, की 1992 ला 'प्रोब' नावाने पुस्तक आलं त्यावर नाव हिचं आणि आतला मजकूर बहुतेक दुसऱ्याचा. तिने ते पुस्तक नाकारलं आणि आपलं मूळ हस्तलिखित मागेल त्या वाचकाला असंच देत राहिली. म्हणजे परवान्याचं पुस्तक दुकानात आणि बिनपरवान्याचं चाहत्यांच्या हातात, आणि दोन्हीची मूळ लेखिका एकच बाई. मी जे सांगतेय ते यापेक्षा उघड कुठे दिसणार?

आता फॅनफिक्शनवाल्या पोरी टाळ्या वाजवायच्या आत त्यांचंही सांगते. एओथ्री म्हणून फॅनफिक्शनची साइट आहे, 2009 पासून, सगळी स्वयंसेवकांनी चालवलेली, 2019 ला तिला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आज तिथे 1 कोटीच्या वर गोष्टी आहेत. त्यातल्या बहुतेक वाईट आहेत. बहुतेक म्हणजे खरंच बहुतेक. वीस प्रकरणं झाली आणि लेखिका गायब, परीक्षा आली की लग्न ठरलं देव जाणे. एडिटर नाही, त्यामुळे जिथे दोन पानं पुरली असती तिथे चाळीस. लाइक जास्त म्हणजे चांगलं असंही नाही, गाजलेली जोडी असली की लाइक पडतातच. आणि स्वतःला गोष्टीत घुसवणं! 1973 मध्ये पॉला स्मिथ या 'स्टार ट्रेक'च्या चाहतीनेच त्यावर एक छोटं विडंबन लिहिलं, साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट, सगळ्यात हुशार, कॅप्टन तिच्या प्रेमात, शेवटी ती मरते आणि सगळं जहाज रडतं. त्या पोरीचं नाव मेरी स्यू, आणि ते नाव पुढे शिवी म्हणून सगळ्या जगात गेलं, बायकांनी लिहिलेल्या कुठल्याही कर्तबगार नायिकेवर फेकायला. पण हे विसरू नका की टीका आतूनच आली होती. चाहत्यांना चांगलं-वाईट कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ते विडंबन वाचावं.

पण त्या ढिगातलं जे चांगलं असतं ते टाय-इनच्या हाती लागत नाही, कारण टाय-इनला शेवटच्या पानावर सगळं जिथल्या तिथे ठेवावं लागतं. कुणी मरायचं नाही, कुणाचं लग्न नाही, कुणी म्हातारं व्हायचं नाही, कारण पुढच्या आठवड्यात एपिसोड आहे. फॅनफिक्शनला ही भीती नाही. तिथे कॅप्टन निवृत्त होतो, त्याचे गुडघे दुखतात, त्याला जुन्या मित्राचं पत्र येत नाही म्हणून तो घुटमळत राहतो, आणि ते वाचताना खरं वाटतं.

इथे आपले एक काका मघाशी म्हणाले, "आमच्या दशावतारात खंय पुस्तक असता?" बरोबर बोललात. मुद्दा मला फार आवडला. आख्यान सगळ्यांना माहीत, राक्षस मरणार हेही माहीत, पण संवाद लिहिलेले नसतात, आज कुठलं आख्यान ते ठरलं की राजपार्टी आणि स्त्रीपार्टी, म्हणजे राजाचं आणि बाईचं काम करणारे नट, आपापल्या डोक्याने बोलतात. रात्री दोन वाजता लोक बसून राहतात ते राक्षस मरतो का हे बघायला नाही, मरायच्या आधी तो काय वाद घालतो ते ऐकायला. चांगलं फॅनफिक्शन मी असंच वाचते. फरक एवढाच की जत्रेत कंटाळवाणं झालं की लोक उठून खाज्याच्या दुकानाकडे जातात आणि नटाला ते तिथल्या तिथे दिसतं, नेटवर लिहिणारीला तसं कुणी उठलेलं दिसत नाही. आणि हो, कृपा करून 'महाभारतपण फॅनफिक्शनच' हे मला कुणी सांगू नका, प्रत्येक चर्चेत कुणीतरी सांगतं. महाभारताचा मालक कोण होता? परवानगी कुणाची मागायची होती? मालकच नाही तिथे हा प्रश्नच येत नाही.

मराठीत टाय-इन का नाही हे सोपं आहे. आपल्याकडे उलटी गंगा, पुस्तकावरून मालिका होते. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली तशी. रोजच्या मालिकेची गोष्ट टीआरपी बघून आठवड्याला बदलते, पुस्तक छापून येईपर्यंत नायिकेची स्मृती गेलेली असते. पण जागा नव्हती असं नाही. 'रात्रीस खेळ चाले' ही भुताखेतांची मालिका 2016 ला आली, शूटिंग इथेच आकेरीला, लोक तो वाडा बघायला गाड्या करून यायचे. पहिल्या भागात घरातले कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच मेलेले, आणि लोकांना अण्णाच हवे झाले, म्हणून 2019 च्या दुसऱ्या भागात गोष्ट मागे नेऊन त्यांना जिवंत दाखवावं लागलं. प्रेक्षकांच्या डोक्यात मालिका आधीच पुढे-मागे पळत होती.

आमच्या वाचनाच्या ग्रुपमधल्या एका मुलीने वहीत एक गोष्ट लिहून मला वाचायला दिली होती. माईची, म्हणजे अण्णांच्या बायकोची. अण्णा त्यांच्या बाईकडे, शेवंताकडे गेलेत, माई चुलीवरची पेज उतरवते, अण्णांचं ताट वाढून झाकून ठेवते, मग बसून राहते, मग ताट उघडून त्यातला बांगडा स्वतः खाते, काटे नीट काढून, सावकाश, आणि रिकामं ताट परत तसंच झाकून ठेवते. बास, एवढंच आहे, पाच पानं. शुद्धलेखनाच्या चुका ढीगभर. भूत नाही, किंकाळी नाही, शेवंता तर एकदाही समोर येत नाही. चॅनेलने कादंबरी काढली असती तर पहिल्या पानावर शेवंता उभी केली असती आणि कव्हरवर तिचाच फोटो, मी लिहून देते.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, की मराठी मालिकेवर अशी अधिकृत कादंबरी आलीच तर तुम्ही विकत घ्याल का. मालिका चालू असताना नाही घेणार. ती संपून पाच-सहा वर्षं झाली, चॅनेलमधली माणसं बदलली, फायली कुठल्यातरी कपाटात गेल्या आणि मग कुणी हक्क मिळवून काढली तर नक्की घेईन, दोन प्रती घेईन, एक वाचनालयाला. फक्त आधी विचारेन की माईने काय करायचं हे ठरवलं कोणी, लिहिणाऱ्याने की मिटिंगमध्ये.