सांगलीत राहून पुण्याचं काम

दृश्य : रविवारची रात्र. ट्रॅव्हल्सचा थांबा. डिकीत चढणाऱ्या बॅगा.

रविवारी रात्री सांगलीहून पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्स भरून जातात. शनिवारी घरी आलेली मुलंमुली आईने बांधून दिलेलं भडंग आणि शेंगांची चटणी घेऊन परत हिंजवडी, खराडी गाठतात. विश्रामबागेतलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 मध्ये सुरू झालं. म्हणजे इंजिनिअर इथे घडतो आणि पोटासाठी बाहेर जातो. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही.

मार्च 2020 मध्ये हीच मुलं लॅपटॉप घेऊन घरी आली. पुढे बऱ्याच जणांना कंपन्यांनी परत बोलावलं. काहींना मात्र अजूनही कुठूनही काम करता येतं, आणि त्यातल्या काहींनी सांगलीतच राहायचं ठरवलं.

दृश्य : दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पलंगावर लॅपटॉप.

ठरवणं सोपं, निभावणं अवघड. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तिकडच्या टीमची मीटिंग सुरू होते, त्याच वेळी इकडे देवापुढे दिवा लागतो, कुकर चढतो, बातम्यांचा आवाज वाढतो. त्यातून काम करणारी घरातली सून असेल, तर विचारायलाच नको. “घरीच आहेस ना, जरा सिलिंडरवाल्याला दार उघड.” यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण पलंगावर बसून केलेलं काम घराला काम वाटत नाही, आणि पगार मात्र त्याच कामाचा येतो.

दृश्य : विश्रामबाग. दुसरा मजला. काचेची छोटी खोली.

इथे कोवर्किंगची, म्हणजे अनेकांनी भाड्याने वाटून वापरायच्या ऑफिसची, खरी गरज सुरू होते. ही काचेची खोली बघा. आत एक खुर्ची, एक फळी, एक प्लग. भिंतींना जाड कापडी अस्तर. दार लावलं की रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज तुटतो. आतली मुलगी एका चुकीबद्दल परदेशातल्या क्लायंटला समजावून सांगते आहे. तिचे हात हलताना दिसतात, शब्द बाहेर येत नाहीत. एवढ्यात वीज जाते. पंखा मंदावतो, खाली जनरेटर धरतो, पंखा पुन्हा वेग घेतो. मधल्या काळात यूपीएसमुळे तिचा कॉल तुटलेला नाही. महिन्याचे पैसे मुख्यतः या काही सेकंदांसाठी असतात, असं आमचं मत आहे.

नेटचंही तसंच. घरचं कनेक्शन अनेकांत वाटलेलं असतं, संध्याकाळी सगळी गल्ली सिनेमे बघायला बसली की ते रडतं. चांगल्या कोवर्किंगमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन असतात, एक बंद पडली की दुसरी चालू.

ही कल्पना मूळची सॅन फ्रान्सिस्कोची. 2005 मध्ये ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने अशी पहिली जागा सुरू केली. स्वतंत्र कामाची मोकळीक आणि ऑफिसातली सोबत, दोन्ही त्याला हवं होतं. पहिला महिनाभर त्याच्याकडे कुणीही फिरकलं नाही. लहान शहरात अशी जागा काढणाऱ्यांनी हे ऐकून धीर धरावा.

दृश्य : टेबलावर हळदीची पाकिटं, बिलांची फाइल.

आता शेजारच्या टेबलाकडे वळू. इथे हळदीची ऑनलाइन विक्री चालते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ऑनलाइन बाजारपेठेवरून परराज्यात माल विकायचा, तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते, आणि नोंदणीला व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या घराचे मालक वीजबिल आणि संमतीपत्र द्यायला बहुतेकदा कचरतात. कोवर्किंगचा रीतसर करार आणि संमतीपत्र तिथे उपयोगी पडतं. दारावर नाव आणि जीएसटी क्रमांकाची पाटी लावणं बंधनकारक आहे, तीही लावता येते. सीटच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. नोंदणी असलेल्याला साधारणपणे त्याची वजावट मिळते. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा : हळद दळायची आणि भरायची जागा वेगळी असेल, तर अन्न परवाना तिथल्या पत्त्यावर लागतो. कोवर्किंगच्या पत्त्यावर ते भागत नाही.

मार्केट यार्डात अडते, हमाल, तोलार, खरेदीदार एका आवारात असतात, म्हणून सौदा होतो. इथेही पाकिटाचं डिझाइन करणारा दोन खुर्च्या पलीकडे बसतो, विवरणपत्र भरणारी मागच्या रांगेत. चहाला उठलं की काम निघतं.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळालं. कारागिराच्या दुकानात ठोकाठोक चालू असताना लांबच्या गिऱ्हाईकाला व्हिडिओ कॉलवर जवारीचा, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारा गुंजता नाद ऐकवणं कठीण. तासाभराच्या भाड्याने मिळालेली शांत मीटिंग रूम अशा वेळी उपयोगाची. त्यासाठी कुणी कायमचं ऑफिस घेणार नाही, आणि घेऊही नये.

दृश्य : आयर्विन पूल. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा.

सांगलीत जागेचा विचार कृष्णेला विसरून होत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुन्या पेठांतल्या तळमजल्यांवर माल भिजला, कॉम्प्युटर आणि हिशेबाच्या वह्याही गेल्या. ज्याचं दुकान पेठेत आहे, त्याने निदान कागदपत्रं आणि हिशेबाचं काम उंचावरच्या, वरच्या मजल्यावरच्या जागेत हलवलं, तर पावसाळ्यातली झोप तरी शांत लागेल.

सगळ्यांनी सीट घ्यावी असं आम्ही म्हणत नाही. घरात स्वतंत्र खोली आहे, कॉल कमी आहेत, घरचे समजून घेतात, त्यांनी पैसे वाचवावेत. पण ज्यांची कुचंबणा होते आहे त्यांनी, आणि विशेषतः बायकांनी, हा खर्च चैनीचा समजू नये. बाहेर पडून कामावर जाणारी बाई घराला कामावर गेलेली दिसते.

जागा निवडताना खुर्च्यांच्या रंगावर जाऊ नका. दोन्ही नेट लाइन एकाच खांबावरून आल्या आहेत का, विचारा. एका जेसीबीत दोन्ही तुटतात. डाउनलोडबरोबर अपलोडचाही वेग मोजा. रात्री उशिरापर्यंत उघडं असतं का, तेव्हा तिथे कोण असतं, स्वच्छतागृह कसं आहे, गाडी कुठे लावायची, हे बघा. आणि आधी एका दिवसाचा डे पास काढून बघायचा तर महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवलेल्या दिवशीचा काढा.