कोळंबीचं बाळंतपण

नमस्कार श्रोतेहो. कोळंबी म्हटलं की आपल्याला आधी आठवतं ते कालवण. माझ्या घरी मात्र हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोळंब्या आहेत आणि त्यांच्याकडे त्या नजरेनं बघायची कुणाला परवानगी नाही. जेमतेम दोन इंचाच्या, काचेसारखं अंग, त्यावर तांबड्या रेघा. पेपरमिंटच्या गोळीसारख्या दिसतात म्हणून नावही पेपरमिंट श्रिम्प. टँकमधल्या दगडांवर ऐप्टेशिया नावाचं एक चिवट समुद्रफूल माजतं, ते या खातात, म्हणून आणल्या होत्या. पिल्लांचा विचारही डोक्यात नव्हता.

लोक विचारतात, नर-मादी ओळखता कशी? ओळखावीच लागत नाही. ही कोळंबी लहानपणी नर असते आणि मोठी झाली की अर्धनारीनटेश्वर! फक्त स्वतःशीच लग्न लावता येत नाही, जोडीदार हवाच. कोणत्याही दोन मोठ्या कोळंब्या आणा, झाली जोडी. एकीनं कात टाकली की दुसरी तिला लगेच गाठते, आणि लवकरच तिच्या पोटाखाली हिरवट अंड्यांचा घोस दिसू लागतो. पोटाखालचे पाय हलवून ती त्याला सतत वारा घालत असते. दहा-बारा दिवसांत अंडी फिकट होतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. म्हणजे आज नाही तर उद्या.

बाळंतपण रात्री, दिवे मालवल्यावर तासाभरात. त्या रात्री पंप आणि फिल्टर बंद ठेवायचे, नाहीतर पिल्लं त्यात ओढली जातात. कोपऱ्यात टॉर्च धरायचा. कवडशात धूळ नाचावी तसे शेकडो ठिपके उजेडाकडे येतात. मी ते स्टीलच्या डावानं पाण्यासकट उचलतो. जाळीत धरलं की नाजूक पाय तुटतात.

इथवरचं सगळं कोळंबीच करते. आपली परीक्षा यापुढे, आणि ती महिनाभर चालते. पिल्लांना जिवंत खाणं लागतं. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला इवलासा कवचवाला जीव. त्याची अंडी डब्यात मिळतात, तपकिरी पुडीसारखी. बरीचशी अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. कोल्ड्रिंकची बाटली तळ कापून उलटी टांगायची, त्यात खारं पाणी, हवेची नळी, आणि चोवीस तासांत केशरी जीव वळवळू लागतात. ते ताजेच द्यायचे. शिळ्या आर्टेमियात सत्त्व उरत नाही. पिल्लू जेवलं की त्याच्या आरपार दिसणाऱ्या पोटात केशरी रेघ उमटते. रोज सकाळी चहाआधी मी ती रेघ बघतो.

भांडं गोल बुडाचं हवं. त्याला जर्मन शब्द आहे क्रायझेल, म्हणजे भोवरा. पाणी हळूहळू फिरत राहिलं की पिल्लं तळाला बसत नाहीत, पायात पाय अडकत नाहीत. माझा भोवरा म्हणजे लोणच्याची काचेची बरणी.

पहिली खेप अठराव्या दिवशी गेली. मी ऑफिसात. बरणीतलं पाणी आटलेलं दिसलं म्हणून आईनं भर घातली, तांब्याच्या घागरीतून. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी माणसाला गुणकारी, असं ती मानते. कवचवाल्या जिवांना मात्र तांबं म्हणजे विष. माशांच्या कित्येक औषधांतही ते असतं, तेव्हा डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. संध्याकाळी तळाला पांढरा थर होता. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही असेल, पण मी दोष घागरीलाच देतो. आईला सांगितलं नाही.

आणि ही त्यातल्या त्यात सोपी जात बरं का! माशांच्या अंगावरची घाण साफ करणाऱ्या क्लीनर श्रिम्पची पिल्लं मोठी व्हायला चार-पाच महिनेही घेतात. म्हणूनच ती बहुतेक समुद्रातून पकडूनच विकली जाते. आपल्याकडे लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं शोभिवंत कोळंबी वाढवायचं काम बेटावरच्या बायकांना शिकवलंय. वाचलं तेव्हा बरणीशेजारी बसून मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या खेपेत पस्तिसाव्या सकाळी एक पिल्लू बरणीच्या काचेवर दिसलं. तोवर डोकं खाली करून, शेपटीकडून पोहणारं ते, आता पायांवर उभं होतं, मिशा हलवत. आईला हाक मारली. तिनं चष्मा पुसला, वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “जवळ्याएवढीच आहे की रे!”