ग्रेट निकोबार: सपाट जमिनीचा हिशेब

अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटाची ओळख करून देताना पहिल्यांदा लोकसंख्येचा आकडा सांगायची पद्धत आहे. सुमारे हजार चौरस किलोमीटरचं बेट आणि २०११च्या जनगणनेत माणसं जेमतेम आठ हजार. म्हणजे चौरस किलोमीटरला आठ. हे ऐकलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, ‘एवढी जागा पडून आहे!’ आज मला या समजुतीबद्दलच बोलायचं आहे. हा भागाकार बरोबर आहे, पण फसवा आहे.

बेटाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण सात अंशांवर, उत्तर-दक्षिण लांबट पसरलेलं हे बेट. आतला जवळजवळ सगळा भाग डोंगररांगांचा, सर्वांत उंच माउंट थुलियर, ६४२ मीटर. खाली वालुकाश्म आणि शेल हा चिखलाचा थरथराचा खडक, वर मातीचा पातळ थर आणि त्यावर सदाहरित जंगल. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. उतारावरचं जंगल काढलं की माती पावसाळ्यात ओढ्यात जाते, त्यामुळे डोंगरावर नांगरट करायचा विचारही नको. सपाट जमीन मिळते ती किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत आणि नद्यांच्या मुखांशी: दक्षिणेला गलाथिया, पश्चिमेला अलेक्झांड्रा आणि डोगमार. नारळ तिथे, भात तिथे, विहीर तिथे, धक्का तिथे. घनता काढायचीच असेल तर ती या पट्टीची काढा. मग बेट मोकळं वाटत नाही.

ही पट्टीही जागेवर राहत नाही. भारतीय भूपट्ट इथे बर्मा भूपट्टाखाली सरकतो आहे. २६ डिसेंबर २००४ला भूकंप झाला तेव्हा बेटाचं दक्षिण टोक, म्हणजे इंदिरा पॉइंट (पूर्वीचं पिग्मेलियन पॉइंट), सुमारे सव्वाचार मीटर खचलं. त्सुनामीची लाट आली आणि ओसरली, पण खचलेली जमीन वर आली नाही. कोरड्या जमिनीवर बांधलेल्या तिथल्या दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. नुकसानभरपाईच्या चर्चांमध्ये दोन प्रकारचं नुकसान एकत्र केलं जातं, ते वेगळं करून पाहायला हवं. लाटेचं खारं पाणी शेतात शिरलं आणि निघून गेलं, तर या पावसात काही हंगामांत मीठ धुऊन जातं. निचऱ्याचे चर मोकळे ठेवले तर लवकर जातं. पण जमीनच खचली असेल तर भरतीचं पाणी पुन्हा पुन्हा येणार, आणि तिथे बांध-चर करून फार काही साधत नाही. नारळाची झाडं अशा ठिकाणी उभ्या उभ्या वाळतात.

विहिरींचंही तसंच. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उपसा करून तीच पातळी अर्ध्या मीटरने खाली आणली, तर खालचं खारं पाणी हळूहळू वीस मीटर वर येतं. म्हणून अशा ठिकाणी एका खोल बोअरपेक्षा अंतराअंतरावर उथळ विहिरी आणि थोडा थोडा उपसा हेच शहाणपणाचं.

आता माणसं. आतल्या जंगलात नद्यांच्या खोऱ्यांतून राहणारे शोंपेन, २०११च्या जनगणनेत २२९. त्यांची वस्ती फिरती असते. रानडुक्कर, मासे, कंद, मध आणि मुख्य म्हणजे पँडानस. हे आपल्या केवड्याच्या कुळातलं झाड. फळ माणसाच्या डोक्याएवढं किंवा त्याहून मोठं. कच्चं खाल्लं तर तोंड चुरचुरतं. किनाऱ्यावरच्या निकोबारी लोकांच्या घरांत ते कसं शिजवतात ते बघण्यासारखं आहे. फळाच्या पाकळ्या सुट्या करायच्या, भांड्याच्या तळाशी थोडंच पाणी, वर पानांचं जाड झाकण, आणि काही तास वाफेवर. घाई केली तर गर दांड्याला चिकटून राहतो, खरवडून निघत नाही. नीट शिजलं की शिंपल्याच्या धारेने गर खरवडायचा, मळायचा आणि त्यातले तंतू ओढून काढायचे. खरं कष्टाचं काम हे शेवटचं, कारण तंतू राहिले तर घास गिळवत नाही. मग त्याचा गोळा पानात गुंडाळून ठेवतात, तो बरेच दिवस टिकतो. शोंपेन हेच फळ झाडाच्या सालीच्या भांड्यात शिजवत आले आहेत. एवढं सांगायचं कारण असं, की ‘शोंपेन शेती करत नाहीत, म्हणून त्यांना जमीन लागत नाही’ असं विधान फार सहज केलं जातं. पँडानसची बनं कुठे आहेत, कुठल्या बनाला कधी फळ येतं, यावर त्यांचं फिरणं ठरतं. वरून जे नुसतं जंगल दिसतं, तो त्यांचा शिधा आहे.

निकोबारी लोक किनाऱ्याचे. नारळ, डुकरं, उलांडीच्या, म्हणजे तोलासाठी बाजूला लाकूड बांधलेल्या, होड्या. शोंपेनांशी मध आणि वेत घेऊन कापड आणि लोखंड देण्याचा जुना व्यवहार. त्यांची गावं पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर होती. त्सुनामीत ती गेली, वाचलेल्यांना बेटाचं मुख्य गाव असलेल्या कॅम्पबेल बेजवळ राजीवनगर आणि न्यू चिंगेन इथे वसवलं गेलं. तात्पुरतं म्हणून झालेलं हे स्थलांतर वर्षानुवर्षं लांबलं, आणि आपल्या जुन्या गावी परतू द्या ही त्यांची मागणी तशीच उभी आहे. उंच जातीचा नारळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं घेतो. तेव्हा ‘नवीन घर दिलं, आता काय अडचण आहे?’ हा प्रश्न निदान नारळवाल्या समाजाला विचारू नये.

तिसरा समाज आपल्या ओळखीचा. १९६९पासून सरकारने इथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, सव्वातीनशेच्या वर. पंजाब, केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि महाराष्ट्रातूनही. गांधीनगर, शास्त्रीनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, जोगिंदरनगर, गोविंदनगर ही पूर्व किनाऱ्याची गावं त्यांची. जंगल तोडून भातखाचरं, नारळ-सुपारी उभी केली आणि किनाऱ्याकडची खाचरं २००४ला गमावली. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, कॅम्पबेल बे समुद्रमार्गे पाचशे किलोमीटरहून लांब. जहाज वाटेत इतर बेटं घेत गेलं तर दोन दिवस सहज जातात. पावसाळी समुद्रात ते रखडलं की भाजीपासून सुट्या भागांपर्यंत सगळंच अडतं. हेलिकॉप्टरच्या जागा मोजक्या, त्यात आजाऱ्यांना अग्रक्रम.

याच पट्टीवर आणखी दोघांचा हक्क आहे. लेदरबॅक कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गलाथियाच्या वाळूत पाऊण मीटरभर खोल खड्डा करून अंडी घालते. दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. भरतीरेषेच्या खाली अंडी पडली तर बुडून मरतात, म्हणून तिला रुंद पुळण लागते. २००४ला ही पुळण गेली, नंतर वाळू पुन्हा साचली आणि कासवं परत आली. दुसरा निकोबार मेगापोड. हा पक्षी अंडी उबवत बसत नाही. वाळू, माती आणि पालापाचोळा यांचा चार-पाच मीटर रुंद ढीग रचतो, पाला कुजून निघणाऱ्या उबेवर अंडी उबतात. त्याला वाळू आणि पाला दोन्ही हवं, म्हणजे जंगलाची समुद्राकडची कडच हवी. त्सुनामीनंतरच्या पाहणीत त्याच्या जोड्या सुमारे सत्तर टक्क्यांनी घटल्याचं आढळलं.

नोव्हेंबर २०२२मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळालेला प्रकल्प १६६ चौरस किलोमीटरचा आहे: गलाथियाच्या उपसागरात मालवाहू बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर. कागदावर हा बेटाचा सहावा हिस्सा. पण बंदराला, धावपट्टीला आणि शहराला लागते तीच किनारी सपाटी. नियोजनात लोकसंख्या साडेतीन लाखांपर्यंत जाईल असं धरलं आहे. त्यांचं पिण्याचं पाणी कुठून, हा प्रश्न मी जहाजांच्या प्रश्नाच्या आधी ठेवीन. बंदराला लागणारे लाटरोधक बांध वाळूची ये-जा बदलतात. एका बाजूला गाळ, दुसऱ्या बाजूला धूप. गलाथियाचा अभयारण्याचा दर्जा त्याआधीच, जानेवारी २०२१मध्ये, काढून घेतला गेला. आणि खचण्याचं काय? किनाऱ्यावर जे बांधायचं त्याची पातळी आजच्या भरतीवरून ठरवून चालणार नाही. त्यात सव्वाचार मीटर मिळवा, वर लाटेची उंची धरा, आणि मग नकाशावर पुन्हा बघा की बांधण्याजोगी किती जमीन उरते.