डिस्चार्ज : आठ मात्रा, दोन ओळी

[दृश्य : भट्ट्यांच्या विटांच्या बाटलीसारख्या चिमण्या, पावसाळी आकाश. आवाज नाही.]

इंग्लंडच्या मधोमध स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचं शहर आहे. हॅन्ली, बर्सलेम, टनस्टॉल, फेंटन, लाँगटन आणि स्टोक अशी सहा गावं जोडून ते झालं. कपबश्या आणि बशा-ताटं ही इथली ओळख. अर्ध्या जगाच्या टेबलावर इथली चिनी माती गेली. मोटरहेड या रॉक बँडचा लेमी इथल्याच बर्सलेमचा, १९४५ साली जन्मलेला.

१९७७ मध्ये याच शहरात डिस्चार्ज हा पंक बँड उभा राहिला. रॉबर्ट्स आडनावाचे दोन भाऊ त्यात होते. टेरी, म्हणजे टेझ, गायचा आणि टोनी, म्हणजे बोन्स, गिटार वाजवायचा. त्यांच्याबरोबर रॉय वेनराइट होता, ज्याला सगळे रेनी म्हणत. तेव्हाचं त्यांचं वाजवणं त्या वर्षीच्या इतर शंभर बँडांसारखंच होतं. ते बदललं खुर्च्यांच्या अदलाबदलीने. पहिला ड्रमर बँड सोडून गेला, टेझ माइक सोडून ड्रमवर बसला, रेनीने बेस गिटार हातात घेतली आणि केल्विन मॉरिस ऊर्फ कॅल गायला आला. १९८० च्या सुरुवातीला ही चौकडी स्टुडिओत शिरली.

[आवाज : ड्रमस्टिकचे चार ठोके, मग शांतता.]

आता टेझच्या ठेक्याकडे येऊ. पुढे जगभर त्याला डी-बीट म्हणू लागले. त्यातला डी डिस्चार्जचा.

तबल्याचा केरवा मोजता तशा आठ मात्रा मोजा. साधा पंक ठेका असा असतो : पहिलीवर पायाचा बास ड्रम, तिसरीवर हाताचा स्नेअर, पाचवीवर पुन्हा बास, सातवीवर पुन्हा स्नेअर. सरळ चाल. टेझच्या ठेक्यात स्नेअर जागचा हलत नाही, तिसरी आणि सातवी त्याचीच. बदलतो फक्त पाय. पहिलीवर बास पडतो, पाचवी रिकामी राहते आणि तिच्या दोन्ही अंगांना, चौथीवर आणि सहावीवर, बास पडतो.

[पडद्यावर : बास – स्नेअर बास – बास स्नेअर –]

बास ड्रमच्या ठोक्यांमधली अंतरं मोजली तर तीन, दोन, तीन अशी येतात. स्नेअरची मात्र चार आणि चार. हात शिपायासारखा सरळ चालतो, पाय घोड्यासारखा उधळतो. एकाच माणसाच्या अंगात या दोन चाली एकाच वेळी असतात, त्यामुळे गाणं सतत पुढे कोसळत असल्यासारखं वाटतं. टेझने हे हवेतून काढलं नव्हतं. बझकॉक्स या बँडच्या १९७८ च्या ‘यू टिअर मी अप’ या गाण्यात जॉन माहरचे ड्रम ऐकले तर वंशावळ कळते. पण तिथे हा ठेका एका गाण्यापुरता होता. डिस्चार्जने तो घराचा पाया केला.

वाजवून बघायचं असेल तर मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजून देणारं यंत्र, मिनिटाला १०० वर लावा आणि एका टिकेला दोन मात्रा धरा. हाय-हॅट, म्हणजे ड्रमसंचातली झांजांची जोडी, फक्त एक, तीन, पाच, सात मात्रांवर वाजवा. आठही मात्रांवर मारत बसलात तर वेग वाढल्यावर उजवा हात आधी दमेल. पाय नीट बसला की दहा-दहाने वेग चढवा. १८० च्या पुढे हा ठेका आपल्या रंगात येतो.

चूक बहुतेकांची एकच होते. पाय थकला की चौथी आणि सहावी मात्रा एकमेकींकडे सरकतात आणि दोन्ही ठोके मिळून पाचवीवर एकच ठोका उरतो. म्हणजे तोच जुना साधा पंक ठेका. वाजवणाऱ्याला वाटतं आपण अजून डी-बीटच वाजवतोय. ऐकणाऱ्याला मात्र गाडी अचानक सपाट रस्त्यावर आल्यासारखं वाटतं. उपाय कंटाळवाणा आहे. स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि फक्त पाचवी मात्रा ऐका. ती रिकामी असली पाहिजे.

[दृश्य : सात इंची रेकॉर्ड फिरते आहे. काळं-पांढरं कव्हर.]

माइक स्टोन या गृहस्थाने स्टोकमध्येच क्ले रेकॉर्ड्स हे लेबल काढलं. क्ले म्हणजे माती. कुंभारांच्या शहरातलं लेबल, दुसरं नाव ठेवणार तरी काय. त्याची पहिली रेकॉर्ड, क्रमांक क्ले १, म्हणजे डिस्चार्जची ‘रिअॅलिटीज ऑफ वॉर’. एप्रिल १९८०, चार गाणी. छोट्या स्वतंत्र लेबलांच्या विक्रीच्या, म्हणजे इंडी यादीत ती पाचव्या क्रमांकापर्यंत चढली आणि तिथे महिनोन्महिने रेंगाळली. त्याच वर्षी ‘फाइट बॅक’, क्ले ३, पाच गाण्यांची. मग ‘डिकंट्रोल’, क्ले ५, तीन गाण्यांची. तिन्हींवर ड्रम टेझचे. काही बारा इंची रेकॉर्डांना क्लेने ‘प्लेट’ अशी क्रमांकमालिका दिली, म्हणजे कुंभारकामाचा विनोद तिथेही सुटला नाही.

कॅलचं लिहिणं ठेक्यासारखंच खरवडलेलं आहे. दोन ओळी, कधी तीन, क्वचित चार. त्याच पुन्हा पुन्हा. त्यात गोष्ट नसते, पात्र नसतं, आणि तरुण असण्याची तक्रार तर जवळजवळ नाहीच. बॉम्ब पडल्यावर काय उरतं, एवढंच. कोणी याला लिहिण्याचा आळस म्हणेल. पण हे शब्द कागदावर वाचायचे नाहीत. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं आणि वेग असा की तिसरं कडवं कानावर पडलं तरी डोक्यात शिरत नाही. दोन ओळी आठ वेळा म्हटल्या तर शिरतात.

आणि विषय हवेत होताच. नाटोने डिसेंबर १९७९ मध्ये युरोपात क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरवलं. १९८० मध्ये ब्रिटिश सरकारची ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका विक्रीला आली. अणुहल्ला झाला तर घरातली दारं काढून, भिंतीला तिरकी टेकवून, त्याखाली कसं बसायचं, हे तिच्यात चित्रांसह समजावलं होतं. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी त्याच वर्षी उलट पत्रक काढलं, ‘प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह’. डिस्चार्जच्या गाजलेल्या गाण्याचं नावही तेच आहे.

[दृश्य : कव्हरवरचं चित्र जवळून. संगिनीत खुपसलेलं कबुतर.]

१९८१ मध्ये टेझ बँड सोडून गेला. डेव्ह एल्समिअर ड्रमवर असताना ‘व्हाय’ ही दहा ट्रॅकची बारा इंची रेकॉर्ड आली आणि इंडी यादीत पहिली ठरली. कच्चेपणाच्या बाबतीत डिस्चार्जचं सर्वांत टोकाचं काम हेच. ज्यांना त्यांची पुढची पॉलिश नको वाटते ते ‘व्हाय’लाच चिकटून राहतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. त्यानंतर ‘द व्हॅरुकर्स’ या बँडमधून गॅरी मलोनी ड्रमवर आला. त्याच वर्षीची ‘नेव्हर अगेन’, क्ले ६, देशाच्या मुख्य सिंगल्स यादीत ६४ व्या क्रमांकावर गेली. तिच्या कव्हरवरचं संगिनीतलं कबुतर जर्मन कलाकार जॉन हार्टफील्डच्या १९३२ च्या फोटोमोन्ताजमधलं, म्हणजे फोटो कापून-जोडून केलेल्या चित्रातलं आहे.

रेकॉर्ड शोधणाऱ्यांसाठी एक खूणगाठ. ‘नेव्हर अगेन’ नावाची १९८४ ची क्लेचीच एक संकलन एलपी, म्हणजे लांब पल्ल्याची मोठी रेकॉर्डसुद्धा आहे. नुसतं नाव बघून पैसे मोजू नका. सात इंची रेकॉर्डवर तीनच गाणी आहेत.

मे १९८२. फॉकलंड बेटांवर युद्ध सुरू होतं, आणि दुकानात आली ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’. पहिली पूर्ण एलपी, १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत सगळा कारभार आटोपलेला. एका युद्धविरोधी बँडला यापेक्षा जुळलेला मुहूर्त मिळणं कठीण, जरी गाणी त्या युद्धाआधीच झालेली होती. इंडी यादीत ती दुसरी आली आणि देशाच्या मुख्य एलपी यादीत थेट ४० वी.

१९८० च्या रेकॉर्डांशेजारी ठेवून ऐकली की फरक लगेच कळतो. तिथे गिटार करवतीसारखी पातळ होती, इथे ती भिंत झाली. बोन्सचे पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम, बस्स. मधला गंधार नाही, त्यामुळे आनंदी की उदास हे कॉर्ड सांगतच नाही. हा कॉर्ड एकेका पडद्याने खाली-वर सरकतो. मध्येच काही सेकंदांचा सोलो येतो, किंचाळतो आणि जातो. या भिंतीखालीही ठेका बुडत नाही, हे माइक स्टोनच्या निर्मितीचं श्रेय. अशा आवाजात पहिला बळी बास ड्रमचा जातो, आणि इथे बास ड्रम गेला की उरतं काय?

‘क्यू : अँड चिल्ड्रन? ए : अँड चिल्ड्रन’ या गाण्याचं नाव ऐकून व्हिएतनाम युद्धातल्या माय लाय हत्याकांडावरचं अमेरिकेतलं प्रसिद्ध भित्तिपत्रक आठवतं. त्यावर याच घडणीचा प्रश्न आणि उत्तर छापलेलं होतं.

सीडीवर ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नंतरच्या आवृत्त्यांना शेवटी सिंगल्स जोडलेल्या असतात. एलपी चौदाव्या ट्रॅकला संपते, आणि त्या गाण्याचं नावच ‘दि एन्ड’ आहे. तिथे थांबा. पाणी प्या. मग पुढचं ऐका.

[आवाज : गिटारचा फीडबॅक, हळूहळू विरतो.]

‘स्टेट व्हायलन्स स्टेट कंट्रोल’ ही सिंगल त्याच वर्षीची. मग बोन्स बाहेर पडला आणि १९८३ मध्ये त्याचा ‘ब्रोकन बोन्स’ सुरू झाला. डिस्चार्जची गाणी हळूहळू लांबली, वेग उतरला, हेवी मेटलची छाया वाढली. ‘द प्राइस ऑफ सायलेन्स’, ‘द मोअर आय सी’, ‘इग्नोरन्स’ या १९८३ ते ८५ च्या सिंगल्सना नावं ठेवण्यासारखं काही नाही.

१९८६ च्या ‘ग्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या एलपीला आहे. कॅल खालच्या पट्टीतलं ओरडणं सोडून उंच, ताणलेल्या आवाजात गायला लागला. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात न्यूयॉर्कच्या रिट्झ सभागृहात लोकांनी मंचावर हाताला लागेल ते फेकलं. प्रेक्षकांचं वागणं चूकच, पण त्यांची निराशा समजण्यासारखी आहे. या बँडने सगळं काही वजा करून आवाज मिळवला होता. दोन ओळी, एक ठेका, सरकता कॉर्ड. त्यात बेरीज सुरू झाली की उरतो दुसऱ्या कुठल्याही बँडसारखा एक बँड, आणि गाता गळा ही तर कॅलची ताकद कधीच नव्हती. १९८७ मध्ये दुकान बंद झालं.

बाहेर मात्र त्या आठ मात्रा पसरत होत्या. स्वीडनमध्ये अँटी सायमेक्स, मॉब ४७, डिस्कार्ड. जपानच्या कोची शहरात डिस्क्लोज. नावाच्या सुरुवातीला ‘डिस’ लावायची तर प्रथाच पडली. वजा करून जे उरलं होतं ते इतकं थोडं होतं की कोणालाही उचलता आलं. मेटलवाल्यांनीही उचललं. अँथ्रॅक्सने १९९१ मध्ये ‘प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह’ वाजवलं. मेटॅलिकाने १९९८ च्या ‘गॅरेज इंक.’वर डिस्चार्जची दोन गाणी घेतली, ‘फ्री स्पीच फॉर द डम्ब’ आणि ‘द मोअर आय सी’.

[दृश्य : मंच, लाल दिवे, दोन गिटारवादक.]

कॅलने नव्वदच्या दशकात वेगळ्या साथीदारांबरोबर डिस्चार्जच्याच नावाने दोन एलपी केल्या. त्या ऐकल्या नाहीत तरी चालेल. जुनी चौकडी पुन्हा जमली आणि २००२ मध्ये ‘डिस्चार्ज’ याच नावाची एलपी आली. कॅल बँड सोडून गेल्यावर माइक ‘द व्हॅरुकर्स’च्या रॅटकडे आणि नंतर जेजे जेनिअॅककडे गेला. जेजेच्या आवाजातली ‘एन्ड ऑफ डेज’ २०१६ ची. त्यात बोन्स आहे, रेनी आहे, टेझही आहे, पण टेझच्या हातात गिटार आहे. ड्रमवर डेव्ह ब्रिजवुड बसलाय, आणि पाचवी मात्रा रिकामी आहे.